आवाजाची पट्टी



पत्रिकेत आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. संतवाङ्मय, पाणीप्रश्न, विज्ञानाची वाटचाल अशा विषयांच्या पंक्तीस ‘संगणकावरील आवाज कमीजास्त करण्याची सोय कशी असावी’ हा विषय म्हणजे पंगतीत लोणच्यासाठी वेगळे पान मांडल्यासारखे झाले. परंतु लोणचे बिघडले तर जेवणारा तेवढेच लक्षात ठेवतो, हाही आपला अनुभव आहे.

२०२० सालच्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागू झाली. पुढे कित्येक महिने शाळा, कचेऱ्या, सभा, इतकेच काय, सोयरिकीची बोलणीसुद्धा पडद्यावर होऊ लागली. त्या दिवसांचे वाक्य कोणते, असे विचारले तर लहान पोरही सांगेल : ‘आवाज येतोय का?’ गुरुजी बोलत होते आणि मुलांना ऐकू जात नव्हते. मुले बोलत होती आणि घरातला रेडिओच मध्ये बोलत होता. यंत्रे चांगली होती, तारा जोडलेल्या होत्या, तरी शब्द पोहोचत नव्हता. आणि त्यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी की, ज्याला ऐकू येत नव्हते तो स्वतःलाच बोल लावीत होता. ‘आमचे आता वय झाले, आम्हाला यातले कळत नाही,’ असे म्हणून कित्येक आजोबा खुर्चीवरून उठून गेले.

माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की, त्या आजोबांचा दोष फार थोडा होता. दोष त्या सोयीच्या आखणीत होता. ती आखणी कशी चुकते आणि कशी सुधारता येते, हे आपण क्रमाने पाहू. वाटेत थोडे ध्वनिशास्त्र येईल, थोडा इतिहास येईल आणि थोडी मराठीही येईल.

प्रथम जुन्या रेडिओकडे वळू. ठाण्यास ज्याचा कारखाना होता तो मर्फी घ्या, किंवा दुसरा कोणताही घ्या. त्याच्या तोंडावर एक गोल बटन असे. उजवीकडे पिळले की ‘टक्’ असा आवाज होऊन रेडिओ सुरू होई आणि तेच बटन पुढे पिळीत गेले की आवाज वाढे. डावीकडे पिळीत आणले की आवाज उतरे आणि शेवटी पुन्हा ‘टक्’ होऊन सर्व शांत होई. या बटनाचे गुण मोजू. ते एकच होते. ते नेहमी त्याच जागी होते, म्हणून अंधारातही हाताला सापडे. फिरवताक्षणी परिणाम ऐकू येई, त्यामुळे आपण काय केले हे कानच सांगे. आणि बटन कुठवर फिरले आहे हे पाहून किंवा चाचपून आवाज किती मोठा लागेल याचा अंदाज येई. हे बटन कसे वापरावे याचे पुस्तक कोणी वाचले नाही. आजीही ते वापरी आणि नातूही वापरी.

मग संगणकात असे काय झाले की हे साधे काम अवघड व्हावे? त्याचे उत्तर यंत्राच्या पोटात आहे. रेडिओ एका वेळी एकच गोष्ट ऐकवी आणि एकाच कर्ण्यातून ऐकवी. संगणकात एका वेळी दहा कार्यक्रम चालू असतात. एकात गाणे, दुसऱ्यात सभा, तिसऱ्यात पत्र आल्याची घंटा. त्या सर्वांचा ध्वनी एकत्र मिसळला जातो आणि मग तो अनेक वाटांपैकी एका वाटेने बाहेर पडतो : संगणकाच्या अंगचा कर्णा, टेबलावर ठेवलेले जोडकर्णे, कानाला लावलेला हेडफोन, किंवा पडदा म्हणून जोडलेल्या टीव्हीचा कर्णा.

ही व्यवस्था समजायला आपल्या इमारतीतला नळ बरा. गच्चीवर टाकी असते. टाकीखाली एक वाल असतो. प्रत्येक मजल्याला दुसरा वाल असतो. आणि शेवटी मोरीतला नळ असतो. पाणी यायचे तर तिन्ही उघडे पाहिजेत. आवाजाचेही तसेच आहे. गाण्याच्या कार्यक्रमाची स्वतःची एक पट्टी असते, संगणकाची मुख्य पट्टी असते आणि टेबलावरच्या कर्ण्याला स्वतःचे बटन असते. तिघांचा परिणाम एकमेकांनी गुणला जातो. ध्वनीचे माप तिन्ही ठिकाणी अर्ध्यावर आणले तर अर्ध्याचे अर्धे आणि त्याचे पुन्हा अर्धे, म्हणजे एक अष्टमांश उरते. त्यांतला एक वाल पूर्ण बंद असेल, तर बाकीचे दोन कितीही सोडले तरी थेंब पडत नाही. आता माणूस काय करतो? त्याला दिसते ती पट्टी तो शेवटपर्यंत सरकवतो आणि आवाज येत नाही म्हणून हताश होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. पण बंबवाल्याला आग कोठे लागली हे कोणी सांगितलेच नाही, तर त्याने करावे काय?

म्हणून आवाजाच्या मेनूने, म्हणजे कर्ण्याच्या चित्रावर टिचकी मारली की उघडणाऱ्या त्या छोट्या यादीने, तीन प्रश्नांची उत्तरे न विचारता दिली पाहिजेत. आवाज किती आहे? आवाज कोण करतो आहे? आवाज जातो आहे कोठे? किती, कोण आणि कोठे. या तीन प्रश्नांची उत्तरे दृष्टीस पडली की वापरणारा माणूस स्वतःच शहाणा ठरतो. आणि ती दडवली की शहाणाही वेडा दिसू लागतो.

या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचेच उत्तर संगणकाने आधी दिले. १९८४ साली ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश निघाला. त्याच्या नियंत्रणफलकावर आवाजासाठी एक उभी पट्टी होती आणि तिच्यावर ० ते ७ असे आकडे होते. त्या फलकाच्या आणि चित्रांच्या रेखाटनात सुझन केअर या चित्रकर्तीचा हात होता. त्यात एक बारीक सोय अशी होती की, आवाज शून्यावर असताना इशाऱ्याची घंटा वाजण्याऐवजी पडद्यावरची वरची पट्टी लुकलुके. घंटा ऐकू येत नाही म्हणून इशाराच नाही, असे त्यांनी होऊ दिले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

१९९५ साली मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ९५ मध्ये घड्याळाशेजारी कर्ण्याचे लहान चित्र आले. त्यावर एकदा टिचकी मारली की एक पट्टी आणि आवाज बंद करण्याची चौकट उघडे. दोनदा मारली की अनेक पट्ट्यांचा मोठा फलक उघडे. नेहमीचे काम जवळ आणि क्वचितचे काम एक पायरी लांब, ही वाटणी योग्य होती. ‘कोण’ या प्रश्नाला त्या घराण्यात नीट उत्तर मिळाले ते २००७ साली लोकांच्या हाती आलेल्या व्हिस्टामध्ये. तेथे प्रत्येक चालू कार्यक्रमाला स्वतंत्र पट्टी मिळाली. लिनक्सच्या जगात पल्सऑडिओ नावाच्या व्यवस्थेने हेच केले आणि चालू गाणे एका कर्ण्यावरून उचलून दुसऱ्यावर नेण्याची सोयही दिली. म्हणजे ‘कोठे’ या प्रश्नालाही उत्तर आले. सोय आली; पण ती सापडेल अशा जागी ठेवणे हे वेगळे काम आहे, आणि ते अजून सर्वत्र झालेले नाही.

आता कानाच्या गणिताकडे येऊ. ‘पट्टी अर्ध्यावर आणली की आवाज अर्धा झाला पाहिजे’ हे ऐकायला सोपे वाटते. परंतु कान असे मोजत नाही. अंधाऱ्या खोलीत एक पणती लावली तर केवढा फरक पडतो. शंभर पणत्या तेवत असतील तेथे आणखी एक लावली तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. वाढ तेवढीच, पण जाणीव निराळी. आपली इंद्रिये वाढीचे प्रमाण जोखतात, हा नियम एकोणिसाव्या शतकात वेबर आणि फेखनर या जर्मन शास्त्रज्ञांनी मांडला. म्हणून आवाज डेसिबल या मापात सांगतात. शक्ती दहापट झाली की आकडा दहाने वाढतो आणि कानाला मात्र आवाज सुमारे दुप्पट झाल्यासारखा वाटतो.

याचा पट्टीवर परिणाम काय? आखणी करणाऱ्याने कानाचा विचार न करता सरळ हिशेब धरला, तर पट्टी शंभरावरून पन्नासावर आणल्याने आवाज फक्त ६ डेसिबल उतरतो. माणसाला वाटते, काही झालेच नाही. पुढे पट्टीच्या तळाशी शेवटच्या बोटभर जागेत सारा फरक गोळा होतो आणि तेथे केसभर सरकवले तरी आवाज एकदम नाहीसा होतो. रेडिओ बनवणाऱ्यांना हे ठाऊक होते. त्यांच्या बटनाआतली रोधपट्टी मुद्दाम अशी घडवलेली असे की पहिल्या वळणात आवाज सावकाश वाढावा आणि पुढे झपाट्याने. संगणकात हेच काम गणिताने करता येते. पल्सऑडिओमध्ये पट्टीच्या आकड्याचा घन करतात. पट्टी अर्ध्यावर असेल तर अर्ध्याचा घन, म्हणजे एक अष्टमांश. तो सुमारे १८ डेसिबलांचा उतार होतो. कानाला ही पट्टी वरपासून खालपर्यंत एकसारखी उतरल्याचे समाधान बरेचसे मिळते. आपण संगणकावर अशी पट्टी सरकवतो तेव्हा या घनाची आपल्याला कल्पनाही नसते, आणि ती नसावी हेच चांगल्या आखणीचे लक्षण आहे.

पट्टीच्या वरच्या टोकाबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. काही व्यवस्थांत शंभराच्या पुढे, दीडशेपर्यंत आवाज नेता येतो. मूळ मुद्रण हळू असेल तर त्याचा उपयोग आहे. परंतु भांड्यात मावते त्यापेक्षा अधिक ओतले की सांडते, तसे ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि आवाज फाटतो. म्हणून शंभरावर ठळक खूण पाहिजे आणि पट्टी तेथे क्षणभर अडली पाहिजे. पुढे जायचे ते समजून जावे.

कानानंतर हाताचे गणित. १९५४ साली पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांवरून एक नियम बांधला. एखाद्या जागी हात नेऊन टेकवायला लागणारा वेळ ती जागा किती दूर आणि किती लहान आहे यावर ठरतो. जागा लांब आणि बारीक असेल तर वेळ अधिक आणि चुकाही अधिक. हा नियम माउसलाही तंतोतंत लागू पडतो. यातून आवाजाच्या मेनूला तीन धडे मिळतात. कर्ण्याचे चित्र पडद्याच्या काठाला भिडलेले असावे, कारण काठाशी बाण आपोआप थांबतो आणि नेम चुकत नाही. पट्टी सुतासारखी बारीक नसावी, बोटभर जाड असावी, आणि तिच्यावर कोठेही टिचकी मारली तरी ती तेथे यावी. आणि ज्याचा हात कापतो त्याला पट्टी ओढण्याची सक्तीच नसावी. चित्रावर बाण ठेवून माउसचे चाक फिरवले किंवा कळफलकावरची आवाजाची कळ दाबली, तरी काम व्हावे. कळीची एकेक पायरीही विचाराने ठरवावी लागते. मॅकमध्ये तळापासून माथ्यापर्यंत १६ पायऱ्या असतात. विंडोजमध्ये एका दाबाला दोन टक्के, म्हणजे ५० पायऱ्या. थोड्या पायऱ्यांनी काम लवकर होते, पुष्कळ पायऱ्यांनी नेमके होते. रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला नेमकेपणा लागतो, आणि फोन आला म्हणून गाणे उतरवणाऱ्याला घाई असते. दोघांचीही सोय पाहावी.

येथे शांततेचा प्रश्न येतो. आवाज बंद करणे आणि आवाज शून्यावर आणणे यांत फरक आहे. दिवा मालवणे आणि वात खाली ओढणे यांत असतो तसा. बंद केलेला आवाज पुन्हा सुरू केला की तो पूर्वीच्याच पातळीवर आला पाहिजे, म्हणजे यंत्राने ती पातळी लक्षात ठेवली पाहिजे. बंद असताना पट्टी फिकी दिसावी, चित्रावर काट मारलेली असावी, आणि कोणी आवाज वाढवण्याची कळ दाबली तर बंद केलेला आवाज सुरू व्हावा. कारण वाढवणाऱ्याला ऐकायचे आहे, हे उघड आहे. तसेच हेडफोनची पातळी आणि कर्ण्याची पातळी वेगवेगळी लक्षात ठेवावी. नाहीतर वाचनालयात हेडफोनची तार निसटते आणि सारे वाचनालय आपल्या आवडीचे गाणे ऐकते.

परंतु शांतता सर्वांना सारखी नसते. दृष्टिहीन माणूस संगणक कानाने वाचतो. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे कार्यक्रम असतात. २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेला आणि फुकट मिळणारा एनव्हीडीए हा त्यांतला एक. अशा माणसाच्या संगणकाचा आवाज चुकून बंद झाला, तर त्याच्या दृष्टीने पडदाच काळा झाला. आवाज परत आणण्याची पट्टी शोधायला जो आवाज लागतो तोच गेलेला असतो! म्हणून आवाज सुरू करण्याची कळ कळफलकावर, ठरलेल्या जागी आणि हाताला लागेल अशी असलीच पाहिजे. आणि गाणे उतरवले तरी वाचणारा आवाज उतरू नये म्हणून त्याची पट्टी वेगळी पाहिजे. उलट ज्याला ऐकू येत नाही त्याला इशारा डोळ्यांना दिसला पाहिजे. १९८४ च्या मॅकिंटॉशमधली लुकलुकणारी पट्टी आठवा. ज्याचा एकच कान चालतो त्याच्यासाठी डावा व उजवा आवाज एकत्र करून देण्याची सोय पाहिजे, नाहीतर अर्धी जुगलबंदी त्याच्या वाट्याला येतच नाही. या सोयी थोड्या लोकांसाठी आहेत असे म्हणून त्या मागे ढकलू नयेत. वय वाढते तसे आपण सर्वच त्या थोड्यांत जाऊन बसतो.

आता भाषेकडे वळू, कारण मेनू म्हणजे शेवटी शब्दांची यादी. इंग्रजीत ‘व्हॉल्यूम’ या एका शब्दाचे तीन अर्थ होतात : आवाजाची पातळी, ग्रंथाचा खंड आणि संगणकाच्या साठवणीचा एक भाग. भाषांतर करणाऱ्याच्या हाती पुष्कळदा सुटे शब्द येतात. तो शब्द पडद्यावर कोठे दिसणार हे त्याला दाखवलेले नसते. तो कोश उघडतो आणि ‘खंड’ असे लिहून मोकळा होतो. मग आवाजाच्या पट्टीखाली ‘खंड वाढवा’ अशी आज्ञा उमटते आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो. आवाज बंद करण्याच्या कळीवर ‘मूक’ असे लिहिण्यापेक्षा ‘आवाज बंद’ असे लिहावे. तीन अक्षरे जास्त, पण विचार करावा लागत नाही. ‘निर्गम उपकरण’ म्हणण्यापेक्षा ‘आवाज कोठून यावा’ म्हणावे. आणि ‘माइक’, ‘हेडफोन’, ‘टीव्ही’ हे शब्द तर घरोघरी पोहोचले आहेत. त्यांना हाकलून त्यांच्या जागी संस्कृत पाहुणे बसवण्यात काही अर्थ नाही.

मराठी संगणकावर आणण्याचे कष्ट आपल्या परिसरातच पुष्कळांनी घेतलेले आहेत. मुंबईत जुहू येथे १९८५ साली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र निघाले; लिनक्सवर भारतीय लिप्या दिसाव्यात म्हणून तेथे काम झाले. २००३ साली ते सी-डॅकमध्ये विलीन झाले, आणि सी-डॅकचे एक केंद्र येथून जवळ, खारघर रेल्वे स्थानकासमोर आहे. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडवणारे र. कृ. जोशी हे मुंबईच्याच आय.आय.टी.तल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवीत असत. आणि २००८ साली रेड हॅट कंपनीच्या पुढाकाराने ‘फ्युएल’ नावाचा उपक्रम सुरू झाला. मेनूंमध्ये वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी करावयाची, ती भाषा जाणणाऱ्यांनी एकत्र बसून तपासावयाची आणि सर्व कार्यक्रमांनी तेच शब्द वापरावेत असा प्रयत्न करावयाचा, हे त्याचे सूत्र. अक्षर पडद्यावर दिसू लागणे ही पहिली पायरी होती. ते अक्षर वाचून माणसाला पुढे काय करावे ते समजणे ही दुसरी. आपण आज दुसरीवर आहोत.

आवाजाचा आणखी एक धनी असतो, तो म्हणजे शेजारी. हे ओवे गाव पनवेल तालुक्यातले. १९७० साली सिडको स्थापन झाली, पुढे खारघर नगर उभे राहिले, २०१६ साली गाव पनवेल महानगरपालिकेत आले आणि २०२३ च्या नोव्हेंबरात बेलापूर ते पेंधर मेट्रोही धावू लागली. सुटी घरे आणि त्यांभोवतीचे अंगण असते तेथे अंतर हेच आवाजाचे बटन असते. सदनिकांत दोन कुटुंबांमध्ये वीतभर भिंत असते. माझा कर्णा तो तुझा कर्णा होतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते पहाटे सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. घरातल्या संगणकाने रात्री दहानंतर अचानक मोठ्याने घंटा वाजवू नये, ही सोय मेनूत एका कळीने व्हावी. आणि शेजाऱ्याच्या कानाइतकाच आपलाही कान जपावयाचा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मानकात मोठ्या माणसासाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा धरली आहे. लहान मुलांसाठी ७५. आवाज तीन डेसिबलांनी वाढला की वेळ निम्म्यावर येते. म्हणजे ९० डेसिबलांवर आठवड्याचे फक्त चार तास. मुलाच्या हेडफोनला कमाल मर्यादा घालण्याची जागा याच मेनूत असली, तर आईला रोज ओरडावे लागणार नाही.

तर मग हा मेनू दिसावा तरी कसा? घड्याळाशेजारी कर्ण्याचे चित्र. आवाज जितका मोठा तितक्या त्याच्या लहरी अधिक. एक टिचकी मारली की यादी उघडावी. पहिल्या ओळीत जाड मुख्य पट्टी, शेजारी आकडा आणि ‘आवाज बंद’ची कळ. पट्टी सोडताक्षणी त्याच पातळीवर एक छोटा टणत्कार व्हावा. मात्र गाणे चालू असेल तर तो नको, कारण गाणेच साक्ष देते. दुसऱ्या ओळीत ‘आवाज कोठून यावा’, आणि त्याखाली माणसाला कळतील अशी नावे : संगणकाचा कर्णा, हेडफोन, टीव्ही. आतल्या चकतीचा कारखान्यातला क्रमांक तेथे कोणाला हवा? तिसऱ्या भागात या क्षणी जे कार्यक्रम आवाज करीत आहेत तेवढेच, प्रत्येकाची पट्टी घेऊन. चौथ्या ओळीत माइक, आणि आपण बोललो की हलणारी एक रेघ. म्हणजे ‘आवाज येतोय का?’ हा प्रश्न दुसऱ्याला विचारण्यापूर्वी आपल्यालाच उत्तर मिळेल. बाकी सारे ‘आणखी’ या शब्दामागे. ‘ठीक आहे’ असे म्हणण्याची कळ नको. केलेले तत्काळ लागू व्हावे आणि उलट सरकवले की तत्काळ फिरावे.

आणि असा मेनू बनवणाऱ्याने त्याची परीक्षा आपल्या सोबत्यांवर घेऊ नये. त्याने ओवे गावातल्या चार-पाच जणांना बसवावे : एक दुकानदार, एक आजी, एक शाळकरी मूल, एक दृष्टिहीन विद्यार्थी. त्यांना कामे सांगावीत. गाणे हळू करा, सभा तशीच ठेवा. आवाज हेडफोनवर न्या. सर्व बंद करा. पुन्हा होता तेथे आणा. आणि मग स्वतः तोंड मिटून बसावे. माणूस कोठे थबकतो, बाण कोठे भटकतो, एवढेच टिपून घ्यावे. जेथे तो थबकला तेथे आखणी चुकली. त्याला समजावून सांगण्याचा मोह आवरणे हेच या परीक्षेतले सर्वांत कठीण काम आहे. कारण विकलेल्या प्रत्येक संगणकाबरोबर समजावणारा माणूस पाठवता येत नाही.

१९८८ साली डोनाल्ड नॉर्मन यांनी रोजच्या वापरातल्या वस्तूंविषयी एक पुस्तक लिहिले. वस्तूच्या आखणीतल्या चुकीबद्दल वापरणारा स्वतःला दोष देतो, हे त्यांनी दारे, नळ, चुली यांच्या उदाहरणांनी दाखवून दिले. आपल्याकडे या दोषारोपाला आणखी एक धार आहे. ज्याला इंग्रजी येत नाही, ज्याने संगणक उशिरा पाहिला, तो आधीच अंग चोरून खुर्चीत बसलेला असतो. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लक्षावधी मराठी माणसांना त्या खुर्चीपर्यंत आणले, ही मोठी गोष्ट झाली. पण शिकवून माणूस यंत्राजोगा करणे ही अर्धी बाजू आहे. यंत्र माणसाजोगे करणे ही उरलेली अर्धी. आणि ती यंत्र घडवणाऱ्यांची जबाबदारी आहे.

तेव्हा पुढच्या वेळी आवाज येईनासा झाला, तर ‘मला कळत नाही’ असे म्हणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : किती, कोण, कोठे? गच्चीवरच्या टाकीपासून मोरीतल्या नळापर्यंत एकेक वाल पाहा. उत्तर सापडले तर उत्तम. नाही सापडले, तर ते दडवून ठेवणाऱ्याला चार ओळी लिहा आणि आपल्या भाषेत लिहा. आणि सभागृहात बसलेल्या ज्या तरुण मित्रांना पुढे असे कार्यक्रम लिहावयाचे आहेत, त्यांना एवढेच सांगतो की, आपली आजी जी सोय न विचारता वापरील ती सोय पुरी झाली असे समजा. तोपर्यंत काम चालू ठेवा.